गर्भाशयाच्या गाठी आणि लहान छेदाचा हिशेब

मराठी घरांत 'पिशवी काढली' हे दोन शब्द ज्या निर्विकारपणे उच्चारले जातात, त्या निर्विकारपणे दाढ काढल्याची वार्ताही कोणी सांगत नाही. दाढ काढवून आलेला गृहस्थ निदान चार दिवस गालावर हात ठेवून आल्यागेल्यास आपली कैफियत ऐकवितो. परंतु त्याच घरातील चाळिशीच्या अलीकडेपलीकडे असलेली स्त्री, महिनोन्महिने पाळीत अतोनात रक्त जाऊन पांढरीफटक पडलेली, एके दिवशी दवाखान्यात जाते, सोनोग्राफीच्या कागदावर 'फायब्रॉईड' हा शब्द उमटतो, आणि पुढच्या पंधरवड्यात तिचे गर्भाशय शरीराबाहेर निघालेले असते. 'मुलेबाळे झाली, आता पिशवीचा उपयोग काय?' एवढ्या एका युक्तिवादावर सारे प्रकरण निकालात निघते.

या निकालावर अपील करण्याच्या अनेक वाटा गेल्या पन्नास वर्षांत वैद्यकाने उघडून दिल्या आहेत, आणि त्यांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या वाटांना 'किमान छेदाचे उपचार' असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो सोयीचा असला तरी थोडा फसवाही आहे. कारण पोटावरील चार लहान भोकांतून अख्खे गर्भाशय काढून नेता येते, आणि ओटीपोटावरील चांगल्या चार इंची आडव्या छेदातून गाठ तेवढी काढून गर्भाशय जागच्या जागी राखताही येते. यांपैकी सौम्य उपचार कोणता म्हणावयाचा? व्रणाची लांबी मोजून हा प्रश्न सुटत नाही, आत काय उरले हेही पाहावे लागते, आणि हे पाहण्याची सवय रुग्णाला तर नाहीच, वैद्यालाही फारशी नाही, असे माझे मत झाले आहे.

गाठीच्या नावातच मुळी एक गफलत आहे. 'फायब्रॉईड' म्हणजे तंतुमय. परंतु ही गाठ वस्तुतः गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढ होय, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो याने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. एकेक गाठ स्नायूच्या एकेका पेशीपासून वाढते. हेलसिंकी येथील संशोधकांनी २०११ साली असे दाखविले की सुमारे सत्तर टक्के गाठींमध्ये एकाच जनुकात बिघाड झालेला आढळतो. ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही बीजांडकोशातील संप्रेरके हे तिचे खाद्य. पाळी येण्यापूर्वी ती होत नाही, आणि पाळी गेल्यावर बहुधा आपोआप आटते. तिचा आकार मोहरीपासून कलिंगडापर्यंत काहीही असू शकतो. अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत पन्नाशीपर्यंत गौरवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे सत्तर टक्के, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणींना अशा गाठी असल्याचे आढळले; त्यांतील अनेकींना त्यांचा पत्ताही नव्हता. जी वस्तू निम्म्याहून अधिक स्त्रीजातीच्या उदरात मुकाट्याने वास्तव्य करते, तिला केवळ ती दिसली म्हणून रोग ठरविणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार करावयास हवा. पूर्वी ती हाताला लागेपर्यंत कळत नसे. आता पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत दीड सेंटिमीटरचीही टिपली जाते आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते.

गाठ केवढी आहे, हा सर्वांचा पहिला प्रश्न असतो. खरा पहिला प्रश्न मात्र ती कोठे आहे हा होय. गर्भाशयाची भिंत जाड असते. तिच्या आतील अस्तराखाली, पोकळीत डोके काढून बसलेली गाठ सुपारीएवढी असली तरी दर महिन्यास इतका रक्तस्राव घडवू शकते की स्त्रीचे हिमोग्लोबिन सहावर यावे. भिंतीच्या मध्यात वसलेली गाठ आकाराप्रमाणे कमीअधिक त्रास देते. आणि बाहेरच्या अंगाला लटकलेली गाठ संत्र्याएवढी झाली तरी मूत्राशयावर थोडा दाब पडण्यापलीकडे कधी कधी काहीच तक्रार नसते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०११ साली या स्थानांना शून्यापासून आठपर्यंत क्रमांक दिले. ज्या सोनोग्राफीच्या अहवालात केवळ 'चार बाय तीन सेंटिमीटर' असे लिहिले आहे आणि हा क्रमांक वा निदान स्थानाचा स्पष्ट उल्लेख नाही, तो अहवाल अर्धवट समजावा. सातबाऱ्यावर क्षेत्र आहे आणि गट क्रमांक नाही, असा तो दस्तऐवज होय.

ज्या गाठीचा त्रास नाही तिला हात न लावणे हा सर्वांत किमान छेदाचा उपचार. तो फुकट असल्यामुळे त्याची जाहिरात कोणी करीत नाही. त्यानंतर औषधांचा क्रम. पाळीच्या दिवसांपुरते घ्यावयाचे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल हे रक्तस्राव आवरणारे साधे औषध. ते शोधून काढले जपानच्या उताको ओकामोतो या विदुषीने व तिच्या पतीने, १९६२ साली. संप्रेरक झिरपविणारी तांबीसारखी छोटी वस्तू गर्भाशयात बसविल्याने कित्येकींचा रक्तस्राव आटोक्यात येतो, मात्र पोकळी गाठींनी वेडीवाकडी झाली असेल तर ती टिकत नाही. बीजांडकोशांना तात्पुरती निद्रा आणणारी इंजेक्शने गाठ आकसवितात. पण ती थांबविली की गाठ पूर्वपदावर येते, आणि दीर्घकाळ घेतली तर हाडे ठिसूळ होतात. युलिप्रिस्टल या गोळीचा युरोपात मोठा गाजावाजा झाला, आणि यकृत निकामी होण्याचे मोजके परंतु भयंकर प्रसंग उघडकीस आल्यावर २०२० साली तिच्यावर कडक निर्बंध आले. अमेरिकेत २०२१ साली मंजूर झालेली रेलुगोलिक्सयुक्त गोळी तूर्त आशादायक दिसते.

पोकळीतील गाठींसाठी सर्वांत सरळ मार्ग १९७६ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट न्यूवर्थ याने दाखविला. योनिमार्गाने दुर्बीण आत घालावयाची आणि विद्युत्प्रवाहाने तापलेल्या तारेच्या कडीने गाठ तासून काढावयाची; पोटावर एकही छेद नाही, एकही टाका नाही, आणि बहुधा त्याच दिवशी रुग्ण घरी. धोका असतो तो वेगळाच. पोकळी फुगविण्यासाठी जे द्रावण सोडतात ते उघड्या पडलेल्या शिरांतून रक्तात शिरते, आणि ते ग्लायसीनचे असेल तर रक्तातील सोडियम घसरून मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून चांगल्या ऑपरेशन थिएटरात एक परिचारिका केवळ आत गेलेल्या व बाहेर आलेल्या द्रावणाचा जमाखर्च मांडीत उभी असते, आणि तूट सुमारे एक लिटरवर गेली की शस्त्रवैद्याने काम अर्धे टाकून थांबावयाचे असते. अलीकडे नेहमीच्या सलाईनवर चालणारी उपकरणे आल्याने ही जोखीम पुष्कळ कमी झाली आहे. योग्य जागी असलेल्या गाठीसाठी याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही.

उरलेल्या गाठींसाठी पोटातून जाणे आले. गाठ तेवढी काढून गर्भाशय राखण्याची कल्पना जुनी आहे. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर गावी ॲटली बंधूंनी पोट उघडून ती यशस्वी केली १८४४ साली, म्हणजे क्लोरोफॉर्मच्याही आधी. तथापि तिला प्रतिष्ठा मिळवून दिली ती लंडनच्या व्हिक्टर बॉनी याने. बॉनीच्या पत्नीचे गर्भाशय तरुणपणीच गाठीमुळे काढावे लागले होते आणि ते दांपत्य निपुत्रिक राहिले. पुढे आयुष्यभर त्याने इतर स्त्रियांची गर्भाशये वाचविण्याचा जो ध्यास घेतला त्यामागे ही व्यथा होती, असे सांगतात. १९३१ साली त्याने अशा ४०३ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि रक्तस्राव थांबविण्यासाठी योजिलेला त्याचा चिमटा आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. एकाच रुग्णाच्या गर्भाशयातून दोनशेहून अधिक गाठी काढून ते शिवून परत ठेवण्याचा पराक्रमही त्याच्या नावावर आहे.

बॉनीचे काम दुर्बिणीतून करण्याचे धैर्य जर्मनीतील कील येथील कुर्ट झेम याने सत्तरीच्या दशकाअखेर केले. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच्या मेंदूची तपासणी करण्याची सूचना केली होती, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. आज जिल्ह्याच्या गावीही 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हटले की कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

हे ऑपरेशन प्रत्यक्ष कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. थिएटरातील दिवे मंद केलेले असतात. बेंबीतून आत गेलेल्या, पेन्सिलीहून थोड्या जाड नळीतून कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगविलेले असते, आणि पडद्यावर गुलाबी, ओलसर, चकाकते गर्भाशय दिसते, एका बाजूस गाठीचा उंचवटा घेऊन. प्रथम लांब सुईने रक्तवाहिन्या आकुंचित करणारे व्हॅसोप्रेसिन गाठीभोवती टोचतात. पाहता पाहता गुलाबी रंग ओसरून तो भाग पांढरट पडतो. मग छेद. स्नायूचा थर दुभंगला की आतून मोतिया रंगाचा टणक पृष्ठभाग डोकावतो. गाठ आणि स्नायू यांच्यामध्ये सैल ऊतींचे एक पातळ आवरण असते, आणि तेच शस्त्रवैद्याचे भाग्य. त्याच्या आतून चालले तर रक्त फारसे जात नाही, ते चुकले तर पडदा लाल होतो. बाटलीचे बूच काढण्याच्या मळसूत्रासारखे एक लांबलचक अवजार गाठीत फिरवून रुतवतात, ओढतात, पीळ देतात, आणि फणसातून गरा सुटावा तशी गाठ हळूहळू सुटते. कापलेल्या गाठीत लाकडाच्या गाठीतल्यासारख्या भोवऱ्याच्या रेषा दिसतात. पाहणाऱ्यास वाटते, झाले. परंतु खरी परीक्षा येथून पुढे असते. मागे राहिलेली पोकळी दोन-तीन थरांत शिवून काढावयाची असते, तीही हातभर लांबीच्या चिमट्यांनी, सपाट पडद्यावर पाहून. अलीकडे काटेरी दोरा आल्याने गाठ मारण्याचा त्रास वाचला आहे. हा टाका कच्चा राहिला तर पुढील गरोदरपणात गर्भाशय फाटण्याचा संभव असतो. हा संभव अल्प असला तरी त्यात दोन जीव असतात. म्हणून जिला पुढे मूल हवे आहे अशा स्त्रीने दुर्बीण कोणाच्या हाती आहे याची चौकशी करावी, आणि तो हात शिवण्यात मुरलेला नसेल तर पोट उघडून केलेले जुने ऑपरेशन बिनदिक्कत पत्करावे.

आता या लहान छेदाची खरी अडचण. नारळाएवढी गाठ सुटली तरी ती सेंटिमीटरभर भोकातून बाहेर यावयाची कशी? यावर तोड म्हणून फिरत्या पात्याचे, गाठीच्या सळ्या कापून बाहेर ओढणारे यंत्र निघाले आणि नव्वदीच्या दशकापासून ते जगभर पसरले. २०१३ साली अमेरिकेतील ॲमी रीड या भूलतज्ज्ञ स्त्रीवर, सहा मुलांच्या आईवर, याच यंत्राने शस्त्रक्रिया झाली. आणि जी गाठ साधी समजली होती ती सार्कोमा या दुर्मिळ कर्करोगाची निघाली. यंत्राने तिचे कण पोटभर उधळले होते. ती आणि तिचा शस्त्रवैद्य पती यांनी जी मोहीम उभारली तीमुळे अमेरिकी औषध प्रशासनास २०१४ साली जाहीर इशारा द्यावा लागला, आणि साध्या समजून काढल्या जाणाऱ्या गाठींच्या दर साडेतीनशे रुग्णांमागे एकीस असा छुपा कर्करोग असू शकतो, असा अंदाज त्या प्रशासनाने वर्तविला. हा आकडा फुगविलेला आहे असे अनेक तज्ज्ञांचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्यही असेल. परंतु त्या इशाऱ्यापूर्वी वीस वर्षे ही यंत्रे बिनबोभाट चालली होती, हे लक्षात ठेवावयास हवे. ॲमी रीड २०१७ साली निवर्तली. आता गाठ पोटातच एका बंद पिशवीत ठेवून कापण्याची पद्धत निघाली आहे, आणि वयस्क रुग्णांत वा संशयास्पद गाठींत हे यंत्र वापरूच नये असा दंडक आहे. लहान छेदाची किंमत मोजली जात नाही असे नाही. ती कधी कधी दुसरीकडे कोठेतरी नावे पडते.

शस्त्राशिवायचा सर्वांत अभ्यासलेला मार्ग पॅरिसमध्ये जवळजवळ अपघाताने सापडला. लारिब्वाझिएर रुग्णालयातील झाक राविना गाठी काढण्यापूर्वी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून गर्भाशयाच्या रोहिण्या आतून बुजवून घेत असे. ऑपरेशनची तारीख येण्यापूर्वीच काही रुग्णांचा त्रास इतका कमी झाला की त्यांनी ऑपरेशन तहकूब करण्याची विनंती केली. १९९५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याने हे प्रसिद्ध केले. जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीतून सुतळीएवढी नळी घालून ती क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहात गर्भाशयाच्या रोहिणीपर्यंत नेतात, आणि तेथे वाळूच्या बारीक कणांसारखे कृत्रिम कण सोडतात. रसद तुटलेली गाठ पुढील सहा महिन्यांत निम्म्याच्या आसपास आकसते. निरोगी स्नायू मात्र शेजारच्या रक्तवाहिन्यांवर तग धरतो. रुग्ण जागी असते. पहिल्या रात्री वेदना चांगल्याच होतात, आणि हे रुग्णास आधी सांगितले जात नाही ही माझी तक्रार आहे. अमेरिकेच्या कॉंडोलीझा राइस यांनी २००४ च्या नोव्हेंबरात, परराष्ट्रमंत्रिपदासाठी नाव जाहीर झाल्यानंतर त्याच आठवड्यात, हा उपचार करवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या.

या उपचाराची रुजवात सुदैवाने चांगली झाली आहे. नेदरलँड्समध्ये १७७ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून, काहींच्या रोहिण्या बुजविल्या व काहींचे गर्भाशय काढले. दहा वर्षांनी पाहता पहिल्या गटातील सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांचे गर्भाशय शाबूत होते. ब्रिटनमधील तशाच एका चाचणीत पाच वर्षांनी दोन्ही गटांचे समाधान सारखेच आढळले, परंतु रोहिण्या बुजविलेल्यांपैकी जवळजवळ तिघींत एकीस पुन्हा काही ना काही उपचार लागला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या २५४ स्त्रियांच्या ब्रिटिश चाचणीत गाठ काढणे आणि रोहिणी बुजविणे यांची तुलना झाली. दोहोंनी आयुष्य सुधारले, गाठ काढलेल्यांचे किंचित अधिक. म्हणजे हा उपचार रामबाण नव्हे, पण तिघींपैकी दोघींना मोठ्या ऑपरेशनातून सोडविणारा आहे. असे असूनही आपल्याकडे तो अल्प प्रमाणात होतो, आणि याचे कारण वैद्यकीय नसून कारकुनी स्वरूपाचे आहे. स्त्री जाते स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. रोहिणी बुजवितो क्ष-किरणतज्ज्ञ. एकाच्या दारातील रुग्ण दुसऱ्याच्या दारी पाठविणारी चिठ्ठी लिहिली जात नाही. मूल हवे असलेल्या स्त्रीस हा उपाय सहसा सुचवीत नाहीत ते मात्र रास्त आहे, कारण बीजांडकोशांच्या रक्तपुरवठ्यालाही त्यात थोडा धक्का लागू शकतो.

ध्वनिलहरी एकवटून त्वचेला धक्का न लावता गाठ आतल्या आत भाजून काढण्याच्या यंत्रास अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. रुग्ण एमआरआयच्या बोगद्यात पालथी पडून राहते, आणि गाठीचे तापमान साठ अंशांच्या वर जाताना पडद्यावर दिसते. भिंगाने ऊन एकवटून कागद जाळण्याचा पोरखेळ आठवावा. कल्पना विलक्षण सुंदर आहे, पण वेळ व खर्च फार, आणि मध्ये आतडे आडवे आले वा गाठी अनेक असल्या तर उपयोग नाही. गाठीत सुई खुपसून विद्युल्लहरींनी ती तापविण्याचीही पद्धत आहे. दोहोंविषयी दीर्घ मुदतीचा पुरावा अद्याप तोकडा आहे.

याचा अर्थ गर्भाशय काढणे सदैव अन्याय्य असा नव्हे. गाठी असंख्य आहेत, इतर उपाय थकले आहेत, मूल नको आहे आणि स्त्रीला स्वतःलाच या त्रासातून कायमचे मोकळे व्हावयाचे आहे, तेव्हा ते करावे. गाठ पुन्हा होण्याची भीती मुळासकट नाहीशी करणारा तोच एक उपाय. आणि ते करावयाचेच तर योनिमार्गे किंवा दुर्बिणीतून करावे आणि बीजांडकोश विनाकारण काढू नयेत.

आमच्या प्रांताच्या इतिहासात एक विरोधाभास आहे. गर्भाशय खाली उतरले तरी ते न काढता वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया ज्यांनी रचल्या ते विठ्ठल नागेश शिरोडकर आणि पुरंदरे हे मुंबईचेच. मूळचे गोव्याचे असलेल्या शिरोडकरांचा गर्भाशयमुखाचा टाका तर जगभर गर्भ राखतो. ज्या शहरातून गर्भाशय राखण्याची विद्या बाहेर गेली, त्याच्याच राज्यातील बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांनी तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढल्याची कबुली २०१९ साली आरोग्यमंत्र्यांना विधान परिषदेत द्यावी लागली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या सगळ्या गाठींच्या रुग्ण नव्हत्या. पुष्कळजणी अंगावरून पांढरे जाते वा ओटीपोट दुखते म्हणून आलेल्या ऊसतोडणी मजूर होत्या. मुकादमाची उचल अंगावर, नवराबायको मिळून एक कोयता, आणि एक दिवस फडावर गेले नाही तर खाडा. अशा स्थितीत पाळीच बंद करणारा सल्ला त्यांना सोयीचा वाटावा यात नवल नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे तीन टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे. आंध्र व तेलंगणात हे प्रमाण याच्या दुपटीहून अधिक आहे. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला, आणि चाळिशीच्या आतील स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांची कारणांसह नोंद ठेवणे त्या तत्त्वांत अंतर्भूत आहे.

ज्या घरात 'फायब्रॉईड' लिहिलेला सोनोग्राफीचा कागद येईल त्या घरातील मंडळींस एवढीच विनंती की, संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी गाठ कोठे आहे हे विचारावे, तिच्यामुळेच त्रास होत आहे याचा आधार मागावा, आणि रोहिणी बुजविणाऱ्या तज्ज्ञाचेही मत घ्यावे. सोनोग्राफीचा अहवाल व चित्रे रुग्णाच्या मालकीची असतात. ती मागून घेऊन घरी जपून ठेवावीत. त्रासदायक असली तरी गाठीची बाब बहुधा तातडीची नसते, आणि पंधरा दिवस थांबल्याने फारसे काही बिघडत नाही.